शेळीराखणीचा खर्च

नमस्कार श्रोतेहो. माझ्या पर्समध्ये अजूनही दंडघेर मोजायची पट्टी असते. हिरवा, पिवळा, लाल असे तिचे तीन रंग. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंड साडेअकरा सेंटिमीटरच्या आत भरला की पट्टी लाल दाखवते, म्हणजे मूल तीव्र कुपोषित. हल्ली त्याच पर्समधून मी ट्रस्टचं चेकबुक काढते आणि दर वेळी आधी ती पट्टीच हाताला लागते.

नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव तालुक्यात मी अकरा वर्षं आरोग्याचं काम केलं. आधी कंत्राटी, नंतरही कंत्राटीच. सरदार सरोवराच्या फुगवट्यामुळे नर्मदाकाठच्या काही पाड्यांवर बोटीनं जावं लागायचं.

एक आई मात्र विसरता येत नाही. पोषण पुनर्वसन केंद्रात मुलाला आईसकट साधारण चौदा दिवस ठेवतात, आईला बुडीत मजुरीही मिळते. कागदावर सगळं नीट. ती आशाताईकरवी मला म्हणाली, "मी इथं बसले तर घरच्या दोघांना भाकर कोण देईल? शेळ्या कोण सोडेल?" तिसऱ्या दिवशी ती पोराला पाठुंगळी मारून निघून गेली. रजिस्टरात आम्ही लिहिलं, स्वतःहून घरी गेली. शेळ्यांचं काही लिहिलं नाही.

पुढे माझे सासरे, नाना, गेले आणि घरच्या ट्रस्टची खुर्ची माझ्याकडे आली. आमची जिनिंग जळगाव जिल्ह्यातली. कापसाच्या पैशावर नानांनी ट्रस्ट काढला होता : पाणपोई, वह्यावाटप, वर्षातून एक शिबिर. नाना मनाचे उदार होते, हे आधीच सांगून टाकते. बदल अर्ज, सह्या, बँकेचं केवायसी, ते सगळं सोडून देते.

पहिल्याच बैठकीत शिबिराचा अल्बम समोर आला. सिकलसेल या आनुवंशिक रक्तदोषाची तपासणी, मंडप, हार, सत्कार. मी विचारलं, पॉझिटिव्ह आलेल्यांचं पुढे काय झालं? सोल्युबिलिटी या पहिल्या चाचणीतून रक्तात दोष आहे एवढंच कळतं. माणूस नुसता वाहक आहे की रुग्ण, हे इलेक्ट्रोफोरेसिससारख्या दुसऱ्या रक्तचाचणीशिवाय ठरत नाही. ती दुसरी चाचणी कुणी केलीच नव्हती. नावांची यादी सापडली ती मंडपवाल्याच्या बिलामागे, स्टेपल केलेली. चुलतसासरे म्हणाले, "सूनबाई, दान दिलं की मागे वळून पाहू नये." आता काय सांगणार? अकरा वर्षं मला मागे वळून पाहायचाच पगार मिळत होता. आमच्याकडे त्याला पाठपुरावा म्हणतात.

तसं खानदेशाला दान नवं नाही. अमळनेरला प्रतापशेठजींनी १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर उभं केलं. त्याच अमळनेरात १९४५ साली वनस्पती तुपाची कंपनी निघाली, तिचं पुढे विप्रो झालं. अझीम प्रेमजींच्या आई गुलबानू या डॉक्टर, आणि मुंबईत हाजीअलीच्या मुलांच्या अस्थिरोग रुग्णालयासाठी त्या कित्येक वर्षं झटल्या. हे वाचलं तेव्हा मला उगाच माहेरचं कुणी भेटल्यासारखं वाटलं.

असो. आम्ही मंडप बंद केला. त्या पैशात एक जुनी बोलेरो, डिझेल आणि पाड्यांवरची पावरी बोली बोलणाऱ्या दोन मुली. सिकलसेलच्या त्या यादीतली माणसं शोधायला वर्ष गेलं. आई केंद्रात असेल तोवर घरच्या भावंडांना जेवू घालणाऱ्या शेजारणीला रोजची मजुरी देतो, शेळ्या राखणाऱ्या पोरालाही देतो. ऑडिटरनं विचारलं, "मॅडम, शेळीराखण कुठल्या शीर्षाखाली टाकू?" मी म्हटलं, "वैद्यकीय." त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं, पण टाकलं.

सगळंच जमतं असं नाही. दिवाळी झाली की पाडे रिकामे होतात. माणसं ऊसतोडीला गुजरातेत बारडोलीकडे जातात, पोरंही सोबत, आणि लाल पट्टीतलं मूल गावच्या वहीतून निसटतं. मागच्या हिवाळ्यात आमची गाडी तिथवर गेली, तर पडाव दोन दिवसांपूर्वीच हलला होता. शेतात चुलीचे दगड तेवढे उरले होते. दोन मुलांच्या नावांपुढचा रकाना अजून कोरा आहे.

परवा त्या टोळीच्या मुकादमाचा नवा नंबर मिळालाय. गाडी सोमवारी निघेल. नमस्कार.