सुनावणीनंतरची फेरी

श्रोतेहो, नमस्कार.

तुम्ही रेडिओ लावून बसला आहात, म्हणून रेडिओपासूनच सुरुवात करते. खाण, औष्णिक वीज प्रकल्प, सिमेंटचा कारखाना असा मोठा प्रकल्प यायचा असेल तर बहुतेक वेळा त्याआधी जनसुनावणी घ्यावी लागते. ती कशी घ्यायची हे केंद्र सरकारच्या १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेत लिहिलं आहे. जिथे वर्तमानपत्रं पोचत नाहीत तिथे सुनावणीची खबर ढोल वाजवून, म्हणजे आपल्याकडच्या दवंडीनं, आणि रेडिओ-दूरदर्शनवरून द्यावी, असंही त्यात आहे. अशा सुनावण्यांच्या आधी गावांत जाऊन माहिती देणं, लोकांचं म्हणणं नोंदवणं, हे काम मी बावीस वर्षं करते आहे. या काळात दवंडी मी चार-पाचदा ऐकली. रेडिओवर अशी खबर माझ्या कानी अजून पडलेली नाही. म्हणून आज ही संधी मिळाली याचं मला फार बरं वाटतं.

नियम वाईट नाहीत, हे आधी सांगते. सुनावणीची सूचना किमान ३० दिवस आधी द्यायची. ती एका राष्ट्रीय आणि एका प्रादेशिक भाषेतल्या दैनिकात छापायची. सुनावणी भरवायची राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळानं, अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा निदान अपर जिल्हाधिकारी. मंडपात आलेल्या प्रत्येकाला प्रश्न विचारण्याची मुभा. शेवटी इतिवृत्त स्थानिक भाषेत वाचून दाखवायचं आणि त्यावर त्याच दिवशी सही करायची. पुढे ते ग्रामपंचायतीत, जिल्हा परिषदेत, जिल्हाधिकारी कार्यालयात लोकांना दिसेल असं लावायचं. हे शेवटचं कलम लक्षात ठेवा, त्याच्याकडे मी परत येणार आहे.

अडचण येते ती कागद आणि माणूस समोरासमोर आले की. प्रकल्पामुळे परिसरावर काय परिणाम होईल हे सांगणारा पर्यावरण अहवाल शेकडो पानांचा असतो आणि इंग्रजीत असतो. गावासाठी त्याचा सारांश करतात, तो जास्तीत जास्त १० पानांचा. तो मराठीत असतो खरा, पण त्यातलं मराठी गावाचं नसतं. ‘प्रकल्पस्थळापासून दहा किलोमीटर त्रिज्येचं अभ्यासक्षेत्र’ असं लिहिलेलं असतं. त्यात आपली वाडी येते की नाही, हे त्या वाक्यावरून कोणाला कळणार? म्हणून मी सारांश वाटत नाही, वाचते. देवळात, पारावर, शाळेच्या ओसरीवर बसून मोठ्यानं वाचते आणि दर वाक्याला थांबते. अभ्यासक्षेत्र म्हटलं की त्यातल्या गावांची नावं घेते. दहा पानांना दीड-दोन तास लागतात. त्या दोन तासांत जे प्रश्न निघतात ते सुनावणीच्या दिवशी माईकसमोर सहसा निघत नाहीत. माईक हातात आला की माणूस भाषण करतो. पारावर तो विचारतो, ‘धूर आमच्याकडे कोणत्या महिन्यात येईल?’

कोकणातल्या एका गावाची गोष्ट सांगते, गावाचं नाव सांगत नाही. तिथे प्रकल्पासाठी डोंगरउताराची जमीन घ्यायची होती. कागदोपत्री तिचा बराचसा भाग पोटखराबा, म्हणजे पीक न येणारी जमीन. अहवालातही तसंच उतरलेलं. मी भिंतीवर नकाशा लावला. बायका आल्या, पाहून गप्प बसल्या. दुसऱ्या दिवशी नकाशा गुंडाळून ठेवला आणि अंगणात रांगोळीनं गाव काढायला सांगितलं. ओढा कुठे, विहीर कुठे, गुरं कुठून जातात. अर्ध्या तासात तो पोटखराबा भरून गेला. इथून राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जागा भाजण्यासाठी, पालापाचोळा आणि कवळ, म्हणजे छाटलेल्या डहाळ्या, आणतो. इथे पहिल्या पावसात शेवळं, ती रानभाजी, निघतात. हे गवत गुरांना दिवाळीनंतर पुरतं. ही पायवाट खालच्या वाडीच्या स्मशानाची, दुसरी वाट नाही. सातबारावर यातलं काहीच नव्हतं, म्हणून अहवालातही नव्हतं. कुणी लबाडी केली होती असं मी म्हणत नाही. ज्यांना ठाऊक होतं त्यांना कुणी विचारलं नव्हतं, आणि विचारलं तेव्हा नकाशाच्या भाषेत विचारलं.

तिथेच एका आजींनी मला थांबवलं. म्हणाल्या, ‘बाय, गेल्या साली पण असाच एक पोरगा कागद घेऊन आला होता. त्याला सगळं सांगितलं. ते कुठं गेलं?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्याआधीची आठ-नऊ वर्षं मीही त्या पोरासारखंच काम केलं होतं. यायचं, लिहून घ्यायचं, अहवाल पाठवायचा आणि पुढच्या गावाला जायचं. आपण सांगितलेलं कुठे पोचलं हे ज्याला एकदाही कळत नाही, तो पुढच्या वेळी दार कशाला उघडेल? लोक येत नाहीत, बोलत नाहीत, नाहीतर नुसता गोंधळ घालतात, अशी तक्रार आमच्या क्षेत्रात नेहमी होते. त्या गोंधळामागे मला बहुतेक वेळा अशी एखादी मागची, बिनउत्तराची फेरी सापडली आहे.

वेळ हाही मोठा प्रश्न आहे. बीडसारख्या जिल्ह्यात दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीच्या टोळ्या निघतात आणि गाव अर्धं रिकामं होतं. त्या दिवसांत ठेवलेली सुनावणी कायद्यानं पुरी होते, कारण तिला गणपूर्तीची अट नाही. मंडपात पंधरा माणसं असली तरी चालतं. दारूबंदीच्या मतदानात नेमकं उलट होतं. उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी बाटली म्हणजे बंद, हे तुम्हाला माहीत असेलच. लिहिता-वाचता न येणाऱ्या बाईलाही क्षणात समजावी अशी ही मतपत्रिका, आणि लोकांना प्रश्न कसा विचारावा याचा याहून चांगला नमुना मला माहीत नाही. पण आडवी बाटली जिंकायला एकूण मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं पडावी लागतात. जी बाई त्या दिवशी उसाच्या फडात आहे, ती न आल्यामुळे दारूच्या दुकानाच्या बाजूनं मोजली गेल्यासारखी होते. तेव्हा तारीख ठरवताना मी आधी गावचं कॅलेंडर मागते. लावणी, तोड, जत्रा, आठवडी बाजार. बाजाराच्या दिवशी सभा ठेवली तर बायका येत नाहीत, हे सांगायला कुठल्या तज्ज्ञाची गरज नाही, तरी त्या ठेवल्या जातात.

शहरात माणसं न येण्याची अडचण नसते, तिथे हरकतींचा ढीग साचतो. पुण्याच्या जुन्या हद्दीचा विकास आराखडा २०१३ मध्ये जाहीर झाला, तेव्हा ८७ हजारांच्या आसपास हरकती आणि सूचना आल्या. शहराला आपल्या रस्त्या-बागांची किती काळजी आहे, हे त्यातून दिसलं. पण एकेका माणसाला बोलायला किती मिनिटं मिळणार आणि त्याच्या हरकतीवर काय ठरलं हे त्याला कोण सांगणार? पुणे महापालिकेनं २००६-०७ पासून नागरिकांकडून अंदाजपत्रकासाठी छोटी कामं मागवायला सुरुवात केली. हा उपक्रम मला मनापासून आवडतो, कारण त्यात मागणी छोटी आणि डोळ्यांना दिसणारी असते. पदपथ झाला की नाही, हे रोज जाता-येता कळतं.

विचारण्याआधी लोकांना अभ्यासाला वेळ मिळाला तर काय होतं, हे गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा-लेखानं दाखवलं. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा सगळ्यांना ठाऊक आहे. तिच्यामागचा अभ्यासगट तितका ठाऊक नाही. आधी अभ्यासगटात चर्चा होते, माहिती जमवतात, बाहेरच्या जाणकारांना बोलावतात, आणि ग्रामसभेत निर्णय सर्वसहमतीनं होतो. एकाचा जरी विरोध असला तरी पुन्हा बसतात. वेळ लागतो. पण याच गावाला वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला.

आणि नियमगिरी. ओडिशातल्या त्या डोंगरावर बॉक्साइटची खाण व्हावी की नाही, यात तिथल्या आदिवासींचे धार्मिक आणि सामूहिक हक्क काय आहेत हे ग्रामसभांनी ठरवावं, असं सर्वोच्च न्यायालयानं १८ एप्रिल २०१३ ला सांगितलं. त्या उन्हाळ्यानंतर पावसात बारा गावांत सभा झाल्या. बाराही गावांनी नाही म्हटलं. पुढच्या जानेवारीत केंद्रीय पर्यावरण मंत्रालयानं खाणीला परवानगी नाकारली. डोंगर वाचला याचा मला आनंद आहेच. पण माझ्या कामाच्या दृष्टीनं त्याहून मोठी गोष्ट ही, की गावांनी दिलेल्या उत्तराला सहा महिन्यांत उत्तर आलं.

एक गोष्ट उघडपणे बोलली पाहिजे. पर्यावरण अहवाल करणारी सल्लागार संस्था प्रकल्पवालाच नेमतो आणि पैसेही तोच देतो. माझं मानधनही अनेकदा तिकडूनच आलं. हे मी सभेत पहिल्या वाक्यात सांगते. काही गावांनी त्यावर मला परत पाठवलं, आणि त्यांचं चुकलं असं मला वाटत नाही. मला वाटतं हा पैसा जिल्हा पातळीवर वेगळ्या निधीतून यावा. तोपर्यंत निदान लपवू तरी नये.

आता ते कलम. इतिवृत्त ग्रामपंचायतीत लावायचं असतं. त्याला लोकांनी मांडलेले मुद्दे आणि त्यावर प्रकल्पवाल्याचं म्हणणं, असा तक्ता स्थानिक भाषेत जोडायचा असतो. तुमच्या भागात सुनावणी झाली असेल तर ग्रामपंचायतीच्या कार्यालयात जा आणि तो तक्ता मागा. तुमचं वाक्य त्यात आहे का बघा. कसं लिहिलंय तेही बघा. ‘रोजगाराची मागणी केली’ या तीन शब्दांत पुष्कळदा अख्ख्या वाडीचं दुःख संपवलेलं असतं.

त्या कोकणातल्या गावात मी सात महिन्यांनी परत गेले. त्या फेरीचे पैसे कुणी देणार नव्हतं. रांगोळीच्या नकाशातून अकरा मुद्दे निघाले होते, ते एकेक करून वाचले. चार मान्य झाले होते, त्यात स्मशानाची वाट होती. आजी पुढे बसल्या होत्या. ‘आणि बाकीचे सात?’ त्यांनी विचारलं. सातही मुद्दे का नाकारले त्याची कारणं वाचून दाखवली. पाच कारणं बायकांनी ऐकून घेतली. राबाच्या जागेचं आणि गुरांच्या वाटेचं कारण त्यांना पटलं नाही. का पटलं नाही हे त्यांनी सांगितलं, मी लिहून घेतलं, आणि पुन्हा कधी येणार ती तारीख शाळेच्या फळ्यावर त्यांच्यासमोर लिहिली.

नमस्कार.