बुडबुड्याचे पैसे

(दृश्य: भर दुपार. एलपीजी पंपावर रिक्षांची रांग.)

रिक्षावाल्याची नजर आकड्यांवरून हलत नाही. पेट्रोल भरतानाही तो असाच बघतो. पण तिथे शंका आली, तर पाच लिटरचं माप मागता येतं. इथे ती सोय नाही. एलपीजी उघड्या मापात धरलं, तर डोळ्यांदेखत उकळून हवेत निघून जाईल. या माणसाच्या हातात पडताळायला काहीच नाही, म्हणून हा मीटर खरा असलाच पाहिजे.

एलपीजी म्हणजे प्रोपेन आणि ब्यूटेन. प्रोपेन उणे 42 अंशांनाच उकळतं. टाकीत ते द्रव राहतं ते केवळ दाबामुळे. पाइपात दाब जरा उतरला, की बुडबुडे धरलेच.

(दृश्य: उघडलेला मीटर. चार दट्टे.)

या दट्ट्यांच्या प्रत्येक फेरीत ठरावीक द्रव पुढे सरकतं. फेऱ्या मोजल्या, की लिटर कळले. पण दट्ट्याला द्रव आणि वाफ यांतला फरक कळत नाही. मोकळ्या हवेत द्रवाची वाफ सुमारे 250 पट जागा घेते; मीटरमधल्या दाबाखाली कमी, पण तरी द्रवाच्या कितीतरी पट. म्हणजे वाफेने भरलेली फेरी जवळपास रिकामीच. पैसे मात्र पूर्ण फेरीचे.

म्हणून मीटरच्या आधी वाफ वेगळी करणारं भांडं बसवतात. वाफ तिथून टाकीत परत जाते. मीटरच्या पुढे एक झडप असते. मीटरमधला दाब टाकीतल्या दाबापेक्षा साधारण एक बारने जास्त झाल्याशिवाय ती उघडतच नाही, म्हणून मीटरमध्ये द्रव उकळत नाही. दिसायला मुठीएवढी, पण माझ्या मते सगळ्या यंत्रात मोलाची वस्तू हीच.

मग ऊन. 15 अंशांचं 100 लिटर एलपीजी 40 अंशांना सुमारे 106 लिटर भरतं. वजन तेवढंच. घरचा सिलिंडर 14.2 किलो म्हणून वजनावर येतो, तिथे हा प्रश्नच नाही. पंपावर लिटर मोजायचे, तर मीटरला तापमापक जोडून आकडा 15 अंशांवर आणावा लागतो.

झीज उलट्या बाजूने खाते. एलपीजीत वंगणाचा गुण फारसा नसतो. दट्टे झिजले, की द्रव कडेने निसटतं, मीटर कमी दाखवतो आणि फटका पंपमालकाला बसतो.

(दृश्य: वजनकाट्यावर रिकामा सिलिंडर.)

तपासणीची एक पद्धत सरळ आहे. आधी रिकाम्या सिलिंडरचं वजन, मग त्यात मीटरमधून एलपीजी, मग पुन्हा वजन. वाढलेल्या किलोंना घनतेने भागायचं आणि आलेले लिटर मीटरच्या आकड्याशी ताडायचे. जुळले, की वैधमापन शास्त्र या वजन-मापांच्या सरकारी खात्याचे निरीक्षक तार ओवतात आणि पकडीने शिशाचं सील दाबतात.

(दृश्य: सीलवर उमटलेला शिक्का. मागे पुढची रिक्षा नळीजवळ येते.)