चोवीस घनमीटर हवा

(दृश्य: चिमट्यात धरलेला पांढरा, गोल फिल्टर)

निवेदन:
हा टेफ्लॉनचा फिल्टर. व्यास ४७ मिलिमीटर. उद्या याच वेळेपर्यंत यावर जेमतेम एक-दोन मिलिग्रॅम धूळ बसेल. शहराची हवा किती वाईट, त्यात दोष कुणाचा आणि उपाय लागू पडला की नाही, हे सगळं या एवढ्याशा धुळीवरून ठरवायचं आहे. म्हणून धूळ गोळा करण्याआधी काळजी घ्यायची ती वजनाची.

(दृश्य: वजनाची खोली, काचेच्या पेटीतला तराजू)

कोरा फिल्टर आधी चोवीस तास या खोलीत नुसता पडून राहतो. तापमान २० ते २३ अंश सेल्सिअस, सापेक्ष आर्द्रता ३० ते ४० टक्के. धूळ बसलेला फिल्टर परत आला की त्यालाही हीच शिक्षा, कारण धुळीतले क्षार ओल शोषतात आणि दमट दिवशी पाण्याचंच वजन धूळ म्हणून नोंदलं जातं. तराजू एका मायक्रोग्रॅमपर्यंत मोजतो. टेफ्लॉनवर स्थिर विद्युतभार साठतो आणि तो काढला नाही तर आकडा स्थिरच होत नाही, हळूहळू सरकत राहतो. तराजू बिघडला असं वाटतं. दोष असतो विद्युतभाराचा.

प्रत्येक फेरीत एक कोरा फिल्टर सॅम्पलरपर्यंत, म्हणजे हवा ओढणाऱ्या यंत्रापर्यंत, नेऊन हवा न ओढताच परत आणतात. त्याचं वजन ३० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त वाढलेलं निघालं, तर धूळ हाताळणीत लागली आहे. मग त्या फेरीतल्या बाकीच्या फिल्टरांकडेही संशयानंच पाहायचं.

(दृश्य: गच्चीवर उभं सॅम्पलर. कॅमेरा इनलेटपासून खाली उतरतो)

सॅम्पलर मिनिटाला १६.७ लिटर हवा ओढतो. चोवीस तासांत २४ घनमीटर. वरचं इनलेट, म्हणजे हवा आत घेणारं तोंड, दहा मायक्रॉनपेक्षा मोठे कण अडवतं. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. त्याखाली सायक्लोन असतो, त्यात हवा गरगर फिरते. जड कण भिंतीवर आपटून खाली पडतात, हलके हवेबरोबर निसटून फिल्टरवर येतात. अडीच मायक्रॉनचे निम्मे कण इथे अडतात, निम्मे पुढे जातात. अशा बारीक कणांना पीएम २.५ म्हणतात. त्यातला २.५ हा आकडा म्हणजे हा पन्नास टक्क्यांचा बिंदू.

हा बिंदू हवेच्या वेगावर टिकून असतो, आणि इथेच सगळ्यात महागडी चूक होते. पंप थकला आणि फ्लो, म्हणजे हवा ओढण्याचा वेग, मिनिटाला १५ लिटरवर आला, तर हवा कमी ओढली जाते हे झालंच. पण सायक्लोनमधला वेगही उतरतो आणि जे मोठे कण अडायला हवे होते तेही फिल्टरवर येऊन बसतात. हवेचा आकडा नंतर दुरुस्त करता येतो. आत शिरलेली मोठी धूळ वेगळी काढता येत नाही. म्हणून नमुना घेण्याआधी आणि नंतर वेगळ्या फ्लोमीटरनं फ्लो तपासायचा, इनलेट बंद करून गळती पाहायची आणि सायक्लोनचा कप वेळच्या वेळी रिकामा करायचा.

हिशेब सरळ आहे. वजन १.२ मिलिग्रॅमनं वाढलं, म्हणजे १२०० मायक्रोग्रॅम. भागिले २४. उत्तर ५०. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ मधली शिफारस आहे चोवीस तासांसाठी १५ आणि वर्षाच्या सरासरीसाठी ५ मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर.

(दृश्य: भिंतीवर लावलेला छोटा सेन्सर, मागे धुकं)

मोबाइलवर दिसणारे बरेचसे आकडे अशा सेन्सरमधून येतात. तो काहीच तोलत नाही. लेझरचा प्रकाश कणांवरून किती विखुरतो ते पाहून वजनाचा अंदाज बांधतो. धुक्यात कण पाणी पिऊन फुगतात आणि आकडा उगाच चढतो. धुळीच्या वादळात उलटं होतं, कारण जाड धूळ त्याला नीट दिसत नाही. सेन्सर टाकाऊ नाही. पण वापरण्याआधी तो प्रमाणित यंत्राशेजारी वेगवेगळ्या ऋतूंत काही आठवडे ठेवून आर्द्रतेसकट दुरुस्तीचं सूत्र काढावं लागतं. तेवढं न करता दोन मोहल्ल्यांची तुलना करणं फोल.

(दृश्य: प्रयोगशाळा. करडा झालेला फिल्टर)

आता प्रश्न, ही धूळ आली कुठून? सिलिकॉन आणि ॲल्युमिनियम सापडलं तर माती. व्हॅनेडियम आणि निकेल एकत्र असतील तर जहाजांचं किंवा बॉयलरचं जड इंधन तेल. तांबं, बेरियम, अँटिमनी म्हणजे ब्रेकची झीज. लेव्होग्लुकोसान हे संयुग लाकूड, पेंढा, पालापाचोळा जळल्याची खूण. काजळी मोजायला मात्र हा फिल्टर चालत नाही. टेफ्लॉनमध्येच कार्बन आहे आणि तो तापवता येत नाही. त्यासाठी शेजारी क्वार्ट्झचा दुसरा फिल्टर चालवावा लागतो.

आणि मग एक अडचणीचं उत्तर हाती येतं. फिल्टरवर अमोनियम सल्फेट आणि अमोनियम नायट्रेट भरपूर निघतं. ही धूळ धूळ म्हणून कुठल्याच धुराड्यातून बाहेर पडलेली नसते. कोळशातल्या गंधकाचा सल्फर डायऑक्साइड, इंजिनांचे नायट्रोजन ऑक्साइड, शेण आणि युरियातून सुटलेला अमोनिया, हे वायू वाऱ्यावर भेटतात आणि हवेतच कण तयार होतात. बऱ्याचदा उगमापासून शेकडो किलोमीटर लांब. रस्ते धुऊन यातलं काहीच कमी होत नाही. त्यातून अमोनियम नायट्रेट उष्णतेनं उडून जातं. फिल्टर उन्हात गाडीत राहिला तर पुरावाच नाहीसा. म्हणून तो बर्फाच्या पेटीतून आणतात.

(दृश्य: फुप्फुसाचं रेखाचित्र)

जाड धूळ नाकाघशात अडते. हे बारीक कण वायुकोशांपर्यंत पोचतात, तिथे दाह होतो आणि त्याचा परिणाम रक्तवाहिन्यांवर होतो. म्हणूनच दम्याइतकाच हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघात यांच्याशी त्यांचा संबंध आहे. २०१३ साली बाहेरच्या प्रदूषित हवेची नोंद माणसाला कर्करोग करणाऱ्या गोष्टींत झाली.

(दृश्य: कारखान्यातलं बॅग फिल्टर हाउस)

नियंत्रणाचं यंत्र निवडतानाही कणाचा आकार पाहायचा. नुसता सायक्लोन दहा मायक्रॉनवरची धूळ चांगली धरतो, बारीक कण बहुतेक सोडून देतो. धुराडं स्वच्छ दिसतं आणि कारखानदार खूश होतो. बारीक कणांसाठी बॅग फिल्टर, म्हणजे कापडी पिशव्यांची गाळणी, किंवा ईएसपी, म्हणजे विद्युतभारानं कण ओढून घेणारं यंत्र, हवं.

कापडी पिशवीचं वागणं थोडं विचित्र आहे. नवीकोरी पिशवी जास्त गळते. धूळ पकडतो तो कापडापेक्षा त्यावर बसलेला धुळीचा थर. सारखे हवेचे झटके देऊन पिशव्या चकाचक ठेवल्या की उत्सर्जन वाढतं. थर फार जाड होऊ दिला तर पिशवीच्या दोन बाजूंच्या दाबातला फरक चढतो आणि पंखा हवा खेचू शकत नाही. म्हणून साफसफाई घड्याळावर न ठेवता दाबाच्या फरकावर ठेवायची. भट्टी थंड असताना वायू दवबिंदूखाली गेला, म्हणजे त्यातल्या वाफेचं पाणी होण्याइतका निवला, तर त्या थराचा चिखल होऊन पिशवी कायमची बुजते.

डिझेल गाडीच्या फिल्टरची तक्रार याच जातीची. साठलेली काजळी जाळायला सुमारे ६०० अंश लागतात. दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्यांत एवढी उष्णता येत नाही, फिल्टर तुंबतो, आणि मग कुणीतरी तो काढूनच टाकतो.

(दृश्य: शेताच्या दोन टोकांना दोन सॅम्पलर, मध्ये धुराडं)

नियंत्रणाचं यंत्र बसवल्यावर पुन्हा मोजायचं. एक सॅम्पलर वाऱ्याच्या वरच्या अंगाला, म्हणजे वारा येतो त्या बाजूला, आणि एक खालच्या अंगाला, वारा जातो त्या बाजूला. धुराड्याच्या नावावर टाकायचा तो फक्त दोघांतला फरक. ऋतूही तोच हवा. थंडीच्या पहाटे धूर जमिनीलगतच्या काहीशे मीटरच्या थरात कोंडतो, उन्हाळ्यातल्या दुपारी तो थर दोन किलोमीटरपर्यंत चढू शकतो. जानेवारीत मोजून उपाय केला आणि मे महिन्यात पुन्हा मोजलं, तर उपायाचा काहीच उपयोग झाला नसला तरी आकडा उतरलेला दिसेल. म्हणून आधीचं एक पूर्ण वर्ष आणि नंतरचं एक पूर्ण वर्ष, तोच सॅम्पलर, तीच जागा, तोच फ्लो.