जाळाची वावटळ

श्रोतेहो, नमस्कार.

चैत्र-वैशाखात आपल्या मराठवाड्यातल्या नांगरलेल्या काळ्या रानावरून धुळीचा उंच खांब घिरट्या घालत जाताना आपण सर्वांनीच पाहिला आहे. पालापाचोळा आणि एखादी रिकामी खताची गोणी उचलून ही वावटळ बांध ओलांडते आणि पाहता पाहता विरून जाते. आज मी जिच्याविषयी बोलणार आहे ती वावटळही याच जातीची आहे. मात्र तिला बळ मिळते ते उन्हाने तापलेल्या जमिनीकडून नव्हे, तर जाळाकडून.

मागे एकदा ऊसतोडणीनंतर आमच्या शेजारच्या रानात पाचट पेटवले होते. झाडाचे पानही हलत नव्हते, आणि वारा पडलेला आहे म्हणूनच तो दिवस निवडला होता. जाळ चारी बाजूंनी मध्याकडे सरकू लागला, तसा बांधावर उभ्या असलेल्या आमच्या पाठीला वारा जाणवू लागला आणि खांद्यावरची उपरणी आगीच्या दिशेने फडफडू लागली. थोड्याच वेळात रानाच्या मधोमध काळ्या राखेचा भोवरा उठला, त्याच्या बुडाशी तांबडा जाळ पीळ दिल्यासारखा उंच झाला, आणि पेटते पाचट उचलून त्याने दोन बांधांपलीकडच्या कडब्याच्या गंजीजवळ नेऊन टाकले. तिथे माणसे पाण्याच्या घागरी घेऊन उभी होती, म्हणून गंजी वाचली. पडलेला वारा एकाएकी कुठून उठला, हेच त्या दिवशी जो तो विचारत होता.

तो वारा आगीनेच ओढून आणला होता. तापलेली हवा हलकी होऊन वर धावते, आणि तिची जागा भरण्यासाठी भोवतालची हवा सर्व बाजूंनी आत खेचली जाते. ही हवा अगदी सरळ रेषेत येत नाही. बांध, झाडांची रांग, टेकडीचा आडोसा, आगीची वेडीवाकडी कड यांमुळे ती थोडी तिरपी वळते. शिवाय जमिनीलगत वारा संथ आणि वर जोराचा असला, की त्या दोन थरांमध्ये हवेला लाटण्यासारखी आडवी फिरकी असते, आणि वर उसळणारी गरम हवा ती फिरकी उभी करते.

भरलेल्या हौदाचा बोळा काढून पाहा. कडेचे पाणी जवळजवळ स्थिर दिसते, पण तेच पाणी मोरीजवळ येताना गरगर फिरू लागते. फिरणारी गोष्ट मध्याकडे निम्म्या अंतरावर आली, की तिचा फिरण्याचा वेग सुमारे दुप्पट होतो. शंभर मीटरवर जी हवा सेकंदाला जेमतेम अर्धा मीटर वळत होती, ती दहा मीटरवर येईपर्यंत, जमिनीशी होणारे घर्षण सोडले तर, सेकंदाला पाच मीटर फिरू लागते. भोवऱ्यामुळे जळणाला ताजी हवा जोराने मिळते, जळण भराभर जळते, उष्णता वाढते, आणि वाढलेली उष्णता भोवऱ्याला आणखी उंच ओढून बारीक करते. आग आणि वारा एकमेकांना असे पोसत राहतात, म्हणूनच मोठ्या आगीपुढे माणसाचे अंदाज चुकतात.

हा अंदाज किती भयानक चुकू शकतो, ते 1 सप्टेंबर 1923 रोजी टोकियोत दिसले. किल्लारीचा भूकंप पहाटे आला होता. टोकियोचा आला तो दुपारी बाराला दोन मिनिटे कमी असताना, घरोघरी चुली पेटलेल्या असताना. लाकडी घरांनी पेट घेतला, आणि हजारो माणसे अंथरूण-पांघरूण, संसाराचे सामान घेऊन होंजो भागातल्या, लष्कराच्या कपड्यांचा जुना कारखाना हलवल्याने मोकळ्या झालेल्या मैदानात जमली. मोकळी जागा सुरक्षित, हा विचार कोणीही केला असता. दुपारी चारच्या सुमारास अग्नीची वावटळ त्या मैदानावर आली, सोबत आणलेले सामानच पेटले, आणि त्या एका जागी सुमारे 38,000 माणसे मरण पावली. हा आकडा उच्चारताना आजही आवाज जड होतो.

एप्रिल 1926 मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅन लुइस ओबिस्पो इथे वीज पडून तेलाच्या टाक्या पेटल्या, तेव्हाही अशा वावटळी उठल्या. त्यांतल्या एकीने एक घर उचलले आणि दोघांचा जीव घेतला. त्याच राज्यात रेडिंग शहराजवळ 26 जुलै 2018 रोजी वणव्यातून उठलेल्या वावटळीचा वेग ताशी सुमारे 230 किलोमीटर असल्याचा अंदाज आहे, आणि तिने उच्चदाबाच्या विजेचे पोलादी मनोरे आडवे केले. वणव्याचा धूर फार उंच गेला तर त्यातूनच गडगडणारा ढग तयार होतो. 18 जानेवारी 2003 रोजी ऑस्ट्रेलियातल्या कॅनबेराजवळ अशाच ढगाला जोडलेला खरा टोर्नेडो, म्हणजे ढगापासून जमिनीपर्यंत पोहोचणारा भोवरा, नोंदवला गेला.

आपल्या रानातला भोवरा या सगळ्यांपुढे अगदी लहान, पण घडण तीच. दुसऱ्या दिवशी मी त्या रानात गेलो, तेव्हा सगळीकडे राखेचा थर होता. तो भोवरा जिथून फिरला तेवढ्या पट्ट्यात मात्र राखच नव्हती, खालची काळी माती झाडून काढल्यासारखी उघडी पडली होती.