लकव्यात रक्ताची तपासणी काय सांगते?

श्रोतेहो, नमस्कार.

लकवा मारलेल्या माणसाला गावाकडून घेऊन आलेले नातेवाईक हमखास विचारतात, "डॉक्टर, रक्त तपासून सांगा ना, मेंदूला किती मार बसलाय?" प्रश्न रास्त आहे. हार्ट अटॅकमध्ये रक्तातलं ट्रोपोनिन, म्हणजे हृदयाच्या स्नायूंमधून बाहेर पडणारं प्रथिन, तपासतात, मग मेंदूसाठी तसं काही नाही का?

आहे, पण ते उशिरा कळतं. गुठळीनं रक्तवाहिनी बंद पडली की मेंदूच्या पेशी मरतात आणि त्यांच्यातली प्रथिनं रक्तात उतरतात. मेंदू आणि रक्त यांच्यामध्ये निसर्गानंच कडक पहारा ठेवलाय, त्यामुळे त्यांना वेळ लागतो. एस-१०० बी हे चेतापेशींना आधार देणाऱ्या पेशींमधलं प्रथिन. ते जितकं वाढलेलं, तितका मेलेला भाग साधारणपणे मोठा. पण ते शिगेला पोचतं दुसऱ्या ते चौथ्या दिवशी! न्यूरोफिलामेंट हे चेतातंतूंच्या सांगाड्यातलं. ते त्याहूनही सावकाश चढतं. रुग्ण पुढे कितपत सावरेल, याचा अंदाज बांधायला त्याची मदत होते.

इकडे गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि मोठी वाहिनी बंद असेल तर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी जातात. म्हणून आम्ही आधी बोटाला सुई टोचून साखर बघतो, कारण साखर फार उतरली तरी लकव्यासारखंच दिसतं. मग हात समोर धरायला सांगून दहापर्यंत मोजतो. हात हळूहळू खाली येतो की एकदम पलंगावर पडतो, त्यावर मार्क. चेहरा, बोलणं, पाय, सगळं धरून बेरीज शून्य ते ४२. बेरीज जितकी मोठी, तितका मार मोठा. रक्तस्राव नाही ना, हे सीटी स्कॅन सांगतो.

किनवटच्या तांड्यावरून नांदेड गाठायचं तर वेळ रस्त्यातच जातो. त्यात 'वारं गेलं' म्हणून कबुतराचं रक्त चोळत बसलेली माणसं पाहिली की जीव तुटतो. थेट १०८ ला फोन लावा, सीटी स्कॅन कुठे चालू आहे ते विचारा.

माणूस शेवटचा धडधाकट कधी दिसला, ती वेळ लिहून आणा. झोपेतून उठल्यावर लक्षात आलं असेल, तर रात्री झोपल्याची वेळ धरा. रोजच्या गोळ्यांची पाकिटंही आणा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर इंजेक्शनच्या आधी आम्हाला ते कळायलाच हवं.