विजापूर रस्त्यावरचे घर आणि सायकल

(दृश्य : सोलापूर. पहाटेचा विजापूर रस्ता. दिवे अजून चालू आहेत. एक सायकल सात रस्ता चौकाकडून नैर्ऋत्येला जाते आहे.)

निवेदन :

सह्याद्री ओलांडून सोलापूरपर्यंत पोहोचेस्तोवर नैर्ऋत्येकडचे ढग बहुतेक रिते झालेले असतात. जिल्ह्याची वर्षाची सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास आहे आणि त्यातला मोठा वाटा एकट्या सप्टेंबरात पडतो. वर्षाला अडीचशे मिलिमीटरपेक्षा कमी पाऊस झाला तर त्या प्रदेशाला साधारणपणे वाळवंट म्हणतात. त्या हिशेबाने सोलापूर वाळवंट ठरत नाही. तरीही एप्रिल आणि मे या दोन महिन्यांत, जेव्हा पारा ४२-४३ अंशांवर जातो आणि दुपारच्या हवेतली आर्द्रता पंचवीस टक्क्यांच्याही खाली उतरते, तेव्हा इथे जगण्याचे नियम वाळवंटाचेच असतात. नेमक्या त्याच महिन्यांत शहराच्या कडेने घरे उभी राहत असतात, कारण पावसाळ्यापूर्वी छत पडावे अशी प्रत्येक घरमालकाची धडपड असते.

या चित्रफितीतले गृहस्थ शाळेत शिक्षक आहेत. नवी पेठेजवळ भाड्याच्या दोन खोल्या आणि सैफुलच्या पुढे, सोरेगावच्या बाजूला घेतलेला प्लॉट यांमध्ये आठेक किलोमीटरचे अंतर आहे. पत्रकार भवन, संभाजी तलाव आणि सिद्धेश्वर वनविहार ओलांडत ते रोज सायकलने बांधकामावर जातात. सायकलची आवड त्यांना आधीपासून होती, पण या वर्षभरात त्या सायकलीने जे शिकवले ते घराच्या नकाशात कुठेच लिहिलेले नव्हते, आणि ते सांगावे म्हणूनच ही चित्रफीत केली आहे.

(दृश्य : ओल्या पोत्यांनी झाकलेले कॉलम. पाइपने पाणी मारणारा हात.)

सिमेंट वाळून घट्ट होते असा समज सर्वत्र आहे, पण तो बरोबर नाही. सिमेंट आणि पाणी यांच्यात रासायनिक क्रिया होते, त्या क्रियेला पाणी सतत लागते, आणि ते मध्येच उडून गेले तर काँक्रीटची ताकद कायमची अपुरी राहते. काँक्रीटविषयीचे भारतीय मानक ४५६ सांगते की साध्या सिमेंटचे काम किमान सात दिवस ओले ठेवावे. हवा कोरडी आणि उष्ण असेल तर ही मुदत दहा दिवसांपेक्षा कमी नसावी, आणि मिश्र सिमेंट असेल तर ती चौदा दिवसांपर्यंत वाढवावी. बाजारात आज मिळणारे बरेचसे सिमेंट फ्लाय ॲश, म्हणजे कोळशाची राख, मिसळलेले, म्हणजेच मिश्र असते, म्हणजे सोलापुरात मे महिन्यात पडलेल्या स्लॅबला चौदा दिवस पाणी द्यायचे असेच गृहीत धरावे. पहिले काही तास तर सर्वांत नाजूक असतात. ताज्या काँक्रीटवरून तासाला प्रत्येक चौरस मीटरमागे एक लिटरच्या वर पाणी उडू लागले की पृष्ठभागावर बारीक भेगा पडण्याचा धोका असतो, आणि ऊन, कोरडी हवा व वारा हे तिन्ही एकत्र आले की ती मर्यादा ओलांडायला वेळ लागत नाही.

शहरात नळाला काही दिवसांआड पाणी येते, नव्या वसाहतीत तर तेवढीही खात्री नसते. त्यामुळे स्लॅबवर मातीचे वाफे बांधून टँकरचे पाणी साठवायचे आणि ते आटण्याच्या आत सकाळ-संध्याकाळ भरत राहायचे, हाच इथला रिवाज आहे. स्लॅब पडल्याच्या संध्याकाळी मिस्त्रींनी घरमालकांना बजावले, "सर, सकाळचं पाणी एखाद्या दिवशी चुकलं तर चालतंय असं म्हणू नका. ऊन वर यायच्या आत भिजलं पाहिजे बघा." सरांचे उत्तर छोटे होते, "साडेपाचला निघतो, मिस्त्री. तुमच्या आधी पोहोचतो."

पहाट आणि सूर्यास्तानंतरचा तास या काँक्रीटला मानवणाऱ्या वेळा आहेत, आणि सायकलस्वाराच्या शरीरालाही त्याच मानवतात. कोरड्या हवेत घाम अंगावर दिसतच नाही. तो आल्याबरोबर उडून जातो, अंग कोरडे राहते, आणि आपले पाणी कमी होत आहे याची जाणीव डोके दुखू लागल्यावर होते. अशा हवेत नेटाने सायकल चालवणाऱ्याच्या अंगातून तासाला लिटरभर पाणी सहज जाते. म्हणून सरांच्या सायकलीला दोन बाटल्या आहेत, आणि त्यातल्या एकीत मीठ-साखर घातलेले लिंबाचे पाणी असते. दुबईजवळच्या अल कुद्रा या वाळवंटातल्या सायकलमार्गावरही उन्हाळ्यात लोक पहाटे किंवा रात्रीच उतरतात. संयुक्त अरब अमिरातीत १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर बांधकाम करून घेण्यास कायद्याने मनाई आहे. आपल्याकडेही मे महिन्यात घमेली वाहणाऱ्या बाया-माणसांना दुपारची सावली हक्काने मिळायला हवी, असे आम्हांला मनापासून वाटते.

(दृश्य : मातीच्या पायवाटेवर पिवळ्या फुलांचा पसरट वेल. कॅमेरा जवळ जातो.)

डांबरी रस्ता सुटला की शेवटचा अर्धा किलोमीटर माळाचा आहे, आणि तिथे सराटे पसरलेले असतात. नाजूक पिवळ्या फुलांच्या या वेलीचे फळ वाळले की त्याचे पाच तुकडे होतात, आणि प्रत्येक तुकड्याला टणक काटे असतात. तुकडा कसाही पडला तरी एखादा काटा वर रोखलेलाच राहतो. हीच वनस्पती अमेरिकेच्या वाळवंटी राज्यांत जाऊन पसरली आहे आणि तिथल्या सायकलस्वारांनाही तिने जेरीस आणले आहे. सैफुलच्या दुकानदाराने परातीतल्या पाण्यात ट्यूब दाबून धरली, तेव्हा एका वितीच्या अंतरात तीन ठिकाणी बुडबुडे आले. त्याने कानशीने ट्यूब घासली, सोल्युशन लावले, ठिगळ दाबले, आणि मग टायरच्या आतून बोट फिरवून मोडलेला काटा शोधून काढला. हे शेवटचे काम जो करत नाही, त्याच्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नये.

पहिला वळीव झाला आणि त्याच वाटेने वेगळाच धडा दिला. काळी माती टायरला चिकटत गेली, टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये ठासून बसली, आणि चाक फिरेनासे झाले; सायकल खांद्यावर घेऊन प्लॉट गाठावा लागला. पाणी पिऊन फुगणारी आणि उन्हात भेगाळणारी हीच माती घराच्या पायालाही वर उचलते आणि खाली सोडते. मुरूम लागेपर्यंत पाया खोदण्याचा मिस्त्रींचा आग्रह खर्चिक आहे, अशी कुजबुज घरात काही दिवस चालली होती. त्या दिवशी पत्नीने मडगार्डमधली ती माती काडीने उकरून काढली, आणि खर्चाचा विषय पुन्हा निघाला नाही.

वाऱ्याचे शिक्षण मात्र सावकाश झाले. मे संपत आला की सोलापुरात नैर्ऋत्य-पश्चिमेचा वारा धरतो आणि पावसाळाभर तो वाहत राहतो. विजापूर रस्त्याने जाताना तो छातीवर येतो, पेडल जड होते. परतताना तोच पाठीशी असतो. गाडीच्या काचेआड बसणाऱ्याला हे कळण्याचे कारण नाही. नकाशात पश्चिमेची भिंत उन्हाच्या भीतीने पूर्ण बंद ठेवली होती. सरांनी ती बदलून घेतली : पश्चिमेला अरुंद, उंच खिडक्या आणि त्यांवर खोल सज्जा, तर समोर पूर्वेला मोठ्या खिडक्या, म्हणजे आत शिरलेला वारा घरातून आरपार जाईल. वारा जोरात असतो त्या महिन्यांत आभाळ बहुधा भरलेले असते, त्यामुळे या खिडक्यांतून उन्हाचा त्रास कमी आणि हवेचा लाभ अधिक होतो. जुन्या सोलापुरातली माळवदाची घरे दोन-दोन फुटांच्या भिंती आणि मातीचे जाड छत यांच्या बळावर दुपारची उष्णता आत यायला रात्र करत असत. तेवढी जाडी आज परवडत नाही. म्हणून गच्चीला दर उन्हाळ्यात चुन्याचा पांढरा हात देण्याचे ठरले आहे.

(दृश्य : अक्कलकोट रस्ता. कुंभारीची वसाहत.)

घर आणि कामाची जागा यांमधले अंतर हा या शहरातल्या हजारो कुटुंबांचा रोजचा प्रश्न आहे. कुंभारीच्या माळावर विडी कामगारांसाठी उभारलेल्या गोदूताई परुळेकर वसाहतीत दहा हजार घरे आहेत, आणि जवळच्या रे नगरमध्ये तीस हजार घरांचा प्रकल्प आहे, ज्यातल्या पंधरा हजार घरांच्या किल्ल्या जानेवारी २०२४ मध्ये दिल्या गेल्या. माजी आमदार नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखाली कामगारांनी लढून मिळवलेली ही घरे सोलापूरच्या अभिमानाची गोष्ट आहे. पण शहर तिथून दहा-बारा किलोमीटरवर आहे, आणि अवजड ट्रक धावणाऱ्या रस्त्याच्या कडेने, सावली नसताना सायकल चालवणे जिवावरचे काम आहे. कडुनिंबाची दुतर्फा रांग आणि ट्रकपासून वेगळी केलेली पट्टी मिळाली, तर ते अंतर सायकलीच्या आवाक्यात येईल.

हौसेची सायकल सरांच्या घरी हिवाळ्यापुरती उरली आहे. कधी तुळजापूर रस्त्याने हिप्परग्याला, जिथे दुष्काळी मुलखाला पाणी मिळावे म्हणून बांधलेला एकरुख तलाव १८७१ मध्ये पूर्ण झाला. तर कधी बार्शी रस्त्याने नान्नजच्या माळरानावर, जिथे काळवीट अजून दिसतात आणि ज्याच्यासाठी अभयारण्य राखले तो माळढोक मात्र जवळजवळ दिसेनासा झाला आहे.

(दृश्य : घराचे जोते. फळी आणि सायकल.)

मिस्त्रीही सायकलनेच येतात. हँडलला अडकवलेल्या पिशवीत थापी, ओळंबा, गुण्या आणि रंधा असतो. दोन फूट उंच जोत्यावर सायकल रोज उचलून न्यायची नसेल, तर पायऱ्यांच्या बाजूला उतार हवा, असे त्यांनीच सुचवले. उतार किती ठेवायचा याचा हिशेब कागदावर झाला नाही. त्यांनी एक लांब फळी जोत्याला टेकवली, स्वतःची सायकल सिमेंटच्या अर्ध्या पोत्यासकट तिच्यावरून ढकलली, फळीचे टोक थोडे मागे ओढले, पुन्हा ढकलली, आणि चाक न घसरता वर चढले त्या जागी जमिनीवर गेरूने रेघ मारली. जोत्यापासून ती रेघ बारा फुटांवर आली.