ज्वारीच्या तासांतून सेंट्रोमियरकडे

परभणी जिल्ह्यातल्या काळ्या रानात ही ज्वारी हुरड्याला आली आहे. पिकाच्या मधोमध उभे राहिले, की पुढचे तास, म्हणजे पेरणीच्या ओळी, आणि मागचे तास सारखेच दिसतात, आणि बांधावरची बाभूळ नजरेस पडेपर्यंत आपण रानात नेमके कुठे आहोत, हे सांगता येत नाही. माणसाच्या गुणसूत्रांवरील, म्हणजे पेशीतल्या डीएनएच्या लांब धाग्यांवरील, सेंट्रोमियर हा असाच प्रदेश आहे. तिथे डीएनएच्या सुमारे १७१ अक्षरांचा एक तुकडा, थोड्याफार फरकाने, हजारो वेळा ओळीने येतो.

मानवी जिनोमचे, म्हणजे माणसाच्या संपूर्ण डीएनएचे, वाचन पूर्ण झाल्याचे २००३ मध्ये जाहीर झाले. तरीही सुमारे ८ टक्के भाग पुढे अनेक वर्षे वाचायचा राहिला. डीएनएचे लहान तुकडे वाचून ते जुळवायचे, अशी पद्धत होती, आणि मूठभर कणसे पाहून ती कोणत्या तासातली हे जसे ओळखता येत नाही, तसे या तुकड्यांचे होई. काहींनी या भागाला निरुपयोगी ठरवले. ते पडीक रान नव्हतेच. पेशीचे विभाजन होताना गुणसूत्रांना ओढून नेणारे धागे सेंट्रोमियरलाच जोडले जातात, आणि ती जोडणी चुकली तर नव्या पेशींत गुणसूत्रांची संख्या बिघडते.

सलग लाखाहून अधिक अक्षरे वाचू शकणाऱ्या नॅनोपोअर तंत्रामुळे या प्रदेशातही बांध आणि बाभळी दिसू लागल्या, आणि २०२२ मध्ये टेलोमियर-टू-टेलोमियर या संशोधकसमूहाने प्रयोगशाळेत वाढवलेल्या एका पेशीवंशाचा जिनोम एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत प्रसिद्ध केला. डीएनएचा धागा सूक्ष्म छिद्रातून सरकताना विद्युतप्रवाह बदलतो आणि त्यावरून अक्षर ओळखले जाते. सायटोसीन या अक्षरावर मेथिल गट, म्हणजे एक छोटी रासायनिक जोड, असेल, तर त्याचीही खूण त्याच प्रवाहात उमटते. मेथिल गटामुळे मजकुराचे अक्षर बदलत नाही, त्या जागेचा पेशीकडून होणारा वापर मात्र बदलू शकतो.

या वाचनातून जे दिसले, ते मला फार मोलाचे वाटते. सेंट्रोमियरच्या या पुनरावृत्तींवर मेथिल गट सहसा दाट असतात, पण त्यांच्यामध्ये एका पट्ट्यात ते अचानक विरळ होतात, आणि धाग्यांची जोडणी ज्यांच्यावर उभी राहते ती सेन्प-ए ही प्रथिने नेमकी तिथेच एकवटलेली आढळतात. आजूबाजूची अक्षरे जवळजवळ तीच असूनही पेशी ही जागा चुकत नाही. निरनिराळ्या व्यक्तींच्या एक्स गुणसूत्रांची तुलना केली, तेव्हा हा विरळ पट्टा प्रत्येकात एकाच ठिकाणी नसल्याचेही दिसून आले.